युद्धपत्रकातील औचित्यविचार

सैन्याच्या जनसंपर्क अधिकाऱ्यांसाठी लिहिल्या जाणाऱ्या मार्गदर्शक पुस्तिकांकडे साहित्याचा अभ्यासक सहसा वळत नाही. त्यात नवल नाही. हे लेखन कोरडे, आज्ञार्थी आणि बहुतांशी अनाम असते. ते एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाते आणि कपाटात राहते. परंतु ज्या गद्याला ह्या पुस्तिका शिस्त लावू पाहतात ते गद्य, म्हणजे युद्धकाळातील अधिकृत पत्रक, प्रवक्त्याचे निवेदन, शौर्यपदकासोबतचा प्रशस्तिलेख, कपाटात राहत नाही. एखाद्या कादंबरीला वर्षभरात लाभणार नाहीत इतके श्रोते त्याला एका रात्रीत लाभतात. आणि त्यांतील काही श्रोते आपल्या घरचा माणूस जिवंत आहे की नाही, हे त्या चार वाक्यांतून शोधीत असतात. इतक्या एकाग्रतेने ऐकले जाणारे गद्य क्वचितच दुसरे असेल. तेव्हा ह्या उपदेशाची व त्यातून घडणाऱ्या भाषेची चिकित्सा साहित्याच्या अभ्यासकाने केली, तर ती अस्थानी म्हणता येणार नाही.

हा उपदेश पाहू गेल्यास तो थोडा आणि सर्वत्र जवळजवळ एकच असल्याचे आढळते. जे आपल्या अधिकारकक्षेत येते त्याविषयीच बोलावे; तर्क लढवू नये; खोटे कधीही बोलू नये; ठाऊक नसेल तर तसे सांगावे; जे सांगावयाचेच आहे ते लवकर सांगावे; मृताच्या घरी कळल्यावाचून त्याचे नाव जाहीर करू नये. अमेरिकी सैन्यदलांत प्रसिद्धीस द्यावयाचा मजकूर चार निकषांवर तपासण्याचा प्रघात आहे : सुरक्षितता, अचूकता, धोरण आणि औचित्य. तेथील संरक्षण खात्याच्या माहितीविषयक तत्त्वांत तर, केवळ सरकारवर टीका होईल किंवा सरकार ओशाळे होईल म्हणून माहिती दडवू नये, असेही स्वच्छ म्हटलेले आहे. ह्या उपदेशात चुकीचे असे काहीच नाही. खोट आहे ती त्याच्या अपुरेपणात.

चार निकषांपैकी शेवटचा शब्द मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात ‘औचित्यविचारचर्चा’ लिहिली, ती ह्याच शब्दावर. परंतु दोन औचित्यांत अंतर आहे. लष्करी पुस्तिकेतील औचित्य म्हणजे अभिरुचीची मर्यादा : बीभत्स छायाचित्र देऊ नये, मृताच्या कुटुंबाची अप्रतिष्ठा होईल असा तपशील टाळावा, इत्यादी. क्षेमेंद्र ह्याहून पुष्कळ खोल उतरतो. पद आणि वाक्य यांच्यापासून आरंभ करून क्रिया, कारक, वचन, काल अशा व्याकरणाच्या एकेका अंगात तो औचित्य शोधतो. वाक्यात कर्ता कोण ठेवला आहे, क्रियापद कोणत्या काळात आहे, एकवचन आहे की अनेकवचन, ह्यावर कथनाचे बरेवाईट ठरते, हे त्याला ठाऊक होते. आधुनिक पुस्तिका काय सांगावे आणि केव्हा सांगावे हे शिकविते; वाक्यात कर्ता कोण असावा आणि ते वाक्य प्रथम कोणाच्या कानी पडणार आहे, ह्याविषयी ती जवळजवळ मौन पाळते. युद्धपत्रकांची मोठी अपयशे मात्र नेमकी ह्या दोन ठिकाणी घडलेली आहेत.

पारखून पाहण्यास १९८२ चे फॉकलंड युद्ध सोयीचे आहे. रणभूमी इंग्लंडपासून सुमारे आठ हजार मैलांवर. आरमाराबरोबर गेलेले वार्ताहर तिसाहूनही कमी आणि सर्व ब्रिटिश. त्यांचा मजकूर आरमाराच्याच यंत्रणेतून जावयाचा. काही चित्रफिती तर लंडनला पोहोचावयास तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला. परिणाम असा झाला की ब्रिटिश जनतेच्या दृष्टीने ते युद्ध पुष्कळ अंशी लंडनच्या संरक्षण मंत्रालयातील एका माणसाच्या मुखातून घडले. इयन मॅक्डॉनल्ड हे मुलकी नोकर, व्यवसायाने वार्ताहर नव्हेत. शब्द उतरवून घेता यावेत अशा संथ, एकसुरी गतीने ते निवेदन वाचीत. त्या शैलीची पुष्कळ थट्टा झाली.

४ मे १९८२ रोजी ‘शेफील्ड’ ही विनाशिका अर्जेंटिनाच्या क्षेपणास्त्राने जळाली. त्या रात्री दूरचित्रवाणीवर मॅक्डॉनल्ड यांनी जे निवेदन वाचले, त्याचा आशय असा : आपले नेमलेले काम करीत असता जहाजावर हल्ला झाला व त्याला अर्जेंटिनाचे क्षेपणास्त्र लागले, आग लागली व ती आटोक्यात राहिली नाही, जहाज वाचण्याची आशा उरली नाही तेव्हा ते सोडून देण्यात आले, जे जहाजावरून उतरले त्या सर्वांना उचलून घेण्यात आले, काही मृत्यू झाले असावेत अशी भीती आहे, तपशील अजून हाती नाही, तो येताच नातेवाइकांना प्रथम कळविले जाईल. संपूर्ण निवेदनात एकही विशेषण भावनेसाठी खर्ची पडलेले नाही. शौर्य नाही, दुःख नाही, शत्रूला दूषण नाही. जहाजाचे नाव आहे, मारणाऱ्याचे नाव आहे, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे म्हटलेले आहे.

तरीही ह्या निवेदनातील सर्वांत भेदक वाक्य सांत्वनाचे आहे. जे उतरले ते सर्व वाचले, हे विधान अभिधेने दिलासा देते. परंतु ते ऐकणाऱ्या आईला वा पत्नीला त्यातून दुसराच अर्थ ऐकू येतो : जे उतरू शकले नाहीत त्यांचे काय? लगेच पुढच्या वाक्यात ती भीती शब्दांत मांडलेली आहे, आणि इथेच ह्या गद्याचा प्रामाणिकपणा दिसतो. व्यंजनेने जे सुचले ते झाकून ठेवण्याचा यत्न निवेदनकाराने केला नाही. जहाजावर २० जण मृत्युमुखी पडले होते. नातेवाइकांना आधी आणि जगाला नंतर, ह्या नियमाच्या दृष्टीने मात्र निवेदनात दोष काढता येईल. वैयक्तिक वार्ता हाती येण्यापूर्वीच जहाजाचे नाव जाहीर झाले, आणि शेकडो घरांना ते दूरचित्रवाणीवरून कळले.

हा दोष टाळण्याच्या भरात तीन आठवड्यांनी त्याहून मोठी चूक घडली. २५ मे रोजी ‘शेफील्ड’चीच जोडबहीण ‘कॉव्हेंट्री’ बुडाली. त्या रात्री संरक्षणमंत्री जॉन नॉट यांनी एका जहाजावर हल्ला झाल्याचे व ते संकटात असल्याचे सांगितले, पण नाव सांगितले नाही. ते दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध झाले. नियमाचा हेतू दयेचा होता. फळ नेमके उलटे आले. ‘शेफील्ड’च्या वेळी भयाची रात्र एका जहाजाच्या कुटुंबांनी काढली होती; आता ती दक्षिण अटलांटिकात असलेल्या प्रत्येक जहाजाच्या कुटुंबाने काढली. क्षेमेंद्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर हे पदाचे अनौचित्य होय. विशेषनामाच्या जागी ‘एक जहाज’ हे सामान्यनाम आले, आणि त्या सामान्यनामात प्रत्येक श्रोत्याने आपापले विशेषनाम भरले.

नाव राखून ठेवल्याने अनिश्चितता किती दूरवर पसरते, ह्याचा मराठी माणसाला निराळा पुरावा शोधावयास नको. पानिपतानंतर १७६१ साली नानासाहेब पेशव्यांच्या हाती प्रथम आली ती वार्ता सावकारी सांकेतिक भाषेतील होती, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. तीत दोन मोत्यांचा आणि काही मोहरांचा हिशेब होता. रुपे आणि तांबे यांची मात्र गणतीच नव्हती. माणसांची किंमत धातूंत सांगणाऱ्या त्या मजकुराच्या काव्यमयतेविषयी पुष्कळ बोलले जाते. तांब्याचा हिशेब नाही, ह्याचा अर्थ महाराष्ट्रातील हजारो घरांना वार्ताच नाही, ही बाजू तितकीशी बोलली जात नाही. आणि ज्या मोत्याचा उल्लेख झाला होता, त्या सदाशिवरावभाऊंच्या मृत्यूविषयीही लोकांची खात्री पटली नाही. पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला, १७७६ साली त्याने कोकणात मोठे बंड माजविले आणि अखेर त्यास देहदंड झाला. अठराव्या शतकातील सावकारी पत्र आणि विसाव्या शतकातील मंत्र्याचे निवेदन यांची तुलना फार ताणता येणार नाही. एकास सांगण्याची साधने नव्हती, दुसऱ्यापाशी ती होती. तथापि अर्धवट सांगितलेल्या मृत्यूची पोकळी कोणीतरी भरून काढतोच, एवढे साम्य पुरेसे आहे.

सुरक्षिततेसाठी माहिती रोखणे आणि श्रोत्याला फसविणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्याच युद्धातील एका वार्ताहराने उत्तम दाखविले. १ मे रोजी ‘हर्मीस’ ह्या विमानवाहू नौकेवरून हॅरियर विमाने स्टॅन्लीच्या धावपट्टीवर हल्ल्यास गेली. बीबीसीचे ब्रायन हॅन्राहन यांना विमानांची संख्या सांगण्याची मनाई होती. त्यांनी ती सांगितली नाही; आपण जाणारी सर्व विमाने मोजली आणि परत आलेली सर्व मोजली, एवढेच सांगितले. शत्रूला आकडा मिळाला नाही, पण वैमानिकांच्या घरी हवे ते उत्तर मिळाले. त्यावर साक्षीदाराची मोहोरही उमटली, कारण वाक्याचा कर्ता तो स्वतः होता आणि क्रिया त्याने स्वतः केलेली होती. सेन्सॉरच्या बंधनाने लेखन नासते असा सर्वसाधारण समज आहे. येथे बंधनानेच वाक्य घडविले. प्रवक्त्यांना शिकविणाऱ्या पुस्तिकेत एकच उदाहरण घालावयाचे झाले तर हे घालावे.

ह्याच्या शेजारी सर फ्रँक कूपर यांचे उदाहरण ठेवणे उद्बोधक ठरेल. सॅन कार्लोस येथे ब्रिटिश सैन्य २१ मे रोजी उतरले. आदल्या दिवशी संरक्षण मंत्रालयाचे हे कायम सचिव वार्ताहरांना गोपनीय माहिती देताना म्हणाले होते की नॉर्मंडीसारखी मोठी चढाई होणार नाही, छोटे छोटे छापे होतील. वृत्तपत्रांनी तसे छापले. पुढे संसदेच्या संरक्षण समितीने युद्धकाळातील माहितीच्या हाताळणीची चौकशी केली, तेव्हा आपण असत्य बोललो नाही, मात्र संपूर्ण सत्य सांगितले नाही, अशा आशयाची भूमिका कूपर यांनी मांडली. पुस्तिकेतील ‘खोटे बोलू नये’ हा नियम अशा रीतीने अक्षरशः पाळता येतो आणि तरीही श्रोत्याच्या मनात असत्य उभे करता येते. लढाईच्या डावपेचांच्या दृष्टीने कूपर यांचा बचाव सहज करता येईल. शत्रूला उतरण्याची जागा आधी सांगणारा अधिकारी शहाणा म्हणता येणार नाही. परंतु मौन पाळणे शक्य असता त्यांनी वार्ताहरांनाच शत्रूच्या फसवणुकीचे साधन केले, आणि त्यानंतर लंडनमधून निघणाऱ्या प्रत्येक वाक्याकडे ते ‘कूपरी’ अर्थाने पाहू लागले तर दोष त्यांचा नव्हे. गंमत अशी की ज्या यंत्रणेने वार्ताहरांवर इतका अविश्वास दाखविला, तिच्याच वर्तुळातून आठवड्याच्या आत गूस ग्रीनवरील चढाईची वार्ता लंडनमध्ये बाहेर पडली. बीबीसीच्या परदेशी सेवेवरून ती प्रक्षेपित झाली, आणि हल्ल्यास निघालेल्या छत्रीधारी सैनिकांनी ती आपल्याच रेडिओवर ऐकली.

अर्जेंटिनाच्या बाजूविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. तेथील लष्करी राजवटीने क्रमांक घातलेली पत्रके काढली, ‘इन्व्हिन्सिबल’ ही विमानवाहू नौका जायबंदी केल्याचा दावा केला, आणि मे महिन्याच्या आरंभी एका साप्ताहिकाने आपण जिंकत आहोत असे मुखपृष्ठावर छापले. १४ जून रोजी स्टॅन्ली येथे शरणागती झाली. काही दिवसांतच गाल्तिएरी यांना पद सोडावे लागले. उघड खोट्याची चिकित्सा भाषेच्या अभ्यासकाला फारसे काही शिकवीत नाही. शिकविते ते सभ्य, नियमबद्ध, तपासलेले खोटे.

तशा खोट्याचे उदाहरण बावीस वर्षांनी अमेरिकी सैन्यात घडले. पॅट टिलमन हा नावाजलेला फुटबॉलपटू व्यवसाय सोडून २००२ साली सैन्यात गेला आणि २२ एप्रिल २००४ रोजी अफगाणिस्तानात मारला गेला. त्याला मरणोत्तर ‘सिल्व्हर स्टार’ देण्यात आले. सोबतच्या प्रशस्तिलेखात त्याने शत्रूच्या भीषण माऱ्यात स्वतःला झोकून दिल्याचे वर्णन होते. त्याला लागलेल्या गोळ्या त्याच्याच तुकडीतील सैनिकांच्या होत्या. २९ एप्रिल रोजी एका वरिष्ठ सेनाधिकाऱ्याने वर निरोप धाडला की टिलमन स्वपक्षाच्या गोळीबारात मेला असण्याचा मोठाच संभव आहे. तेव्हा देशाच्या नेत्यांनी अजाणता काही विधान करून पुढे ओशाळे होऊ नये. ३ मे रोजी जाहीर शोकसभा झाली आणि तीत शत्रूच्या माऱ्याचीच कथा सांगितली गेली. कुटुंबाला खरे कारण कळावयास मे महिन्याची अखेर उजाडली. तेव्हाच्या जाहीर निवेदनातही ‘बहुधा’ हा शब्द होता.

ह्या प्रकरणातील दोन्ही लेख समीक्षकाने शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. प्रशस्तिलेखात शब्दयोजना निर्दोष आहे, क्रियापदे जोमदार आहेत; केवळ कारक खोटे आहे. मारणारा बदलला आहे. चार निकषांपैकी सुरक्षितता, धोरण आणि रूढ अर्थाचे औचित्य यांत हा लेख सहज उत्तीर्ण झाला असता, आणि अचूकतेची तपासणी ज्यांनी करावयाची त्यांच्यापर्यंत सत्य पोहोचलेच नव्हते किंवा पोहोचू दिले नव्हते. वरिष्ठाचा निरोप त्याहून अधिक विचार करावयास लावतो. प्रवक्त्याला द्यावयाचा सल्ला म्हणून पाहिले तर तो उत्तम आहे : वेळेवर दिलेला, मुद्देसूद, संभाव्य नामुष्कीची पूर्वसूचना देणारा. त्याचा वाचक मात्र नेता आहे. मृताची आई त्या निरोपाच्या कल्पनेतही नाही. माहितीविषयक तत्त्वे ज्या ओशाळेपणाच्या भयाने काही दडवू नये म्हणतात, नेमके तेच भय ह्या निरोपाचे प्रयोजन होते. पुढे संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी व अमेरिकी काँग्रेसच्या समितीने २००७ साली ह्या साऱ्याची उकल केली. परंतु ती उकल कुटुंबाने चिकाटीने मागितली म्हणून झाली.

मराठीत हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण सैनिकाच्या मृत्यूसाठी मराठीपाशी शब्दांची श्रीमंती आहे. ‘धारातीर्थी पडणे’, ‘कामी येणे’, ‘वीरमरण’, ‘वीरगती’, ‘हुतात्मा’, ‘शहीद’ : प्रत्येक शब्दामागे निराळा इतिहास आहे. ‘कामी आले’ ह्यात धन्याच्या कार्याचा उल्लेख आहे. ‘धारातीर्थी’ ह्यात तरवारीची धार हेच तीर्थ झाले आहे. ‘हुतात्मा’ हा शब्द स्वातंत्र्यलढ्याने आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने महाराष्ट्रात रुजविला. उलट संरक्षण मंत्रालयाच्या अधिकृत परिभाषेत ‘शहीद’ हा शब्दच नाही, असे त्या मंत्रालयाने २०१७ साली केंद्रीय माहिती आयोगाला कळविले. तेथे ‘बॅटल कॅज्युअल्टी’ ही संज्ञा चालते. मराठीत ही रुक्ष संज्ञा जशीच्या तशी आणणे अशक्य आहे, आणि तसे व्हावे असेही नाही. परंतु ‘त्यांना वीरमरण आले’ ह्या वाक्याची घडण पाहावी. कर्ता ‘वीरमरण’, सैनिक चतुर्थीत, मारणारा वाक्याबाहेर. शत्रूची गोळी, सुरुंग, स्वपक्षाची चूक, अपुरे साहित्य, हिमस्खलन ह्यांपैकी काहीही ह्या वाक्यात सारख्याच सहजतेने बसते. सियाचीनच्या हिमनदीवर शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीने, उंचीने आणि कोसळणाऱ्या बर्फाने अधिक सैनिक गमावले, ही गोष्ट मराठी वृत्तवाचकाच्या लक्षात सहसा राहत नाही. त्याचे एक कारण ह्या एका वाक्यप्रकारात शोधता येईल.

१९९९ च्या कारगिल युद्धात दिल्लीत दररोज पत्रपरिषद होई, आणि दूरचित्रवाणीने ते युद्ध भारतातील घराघरांत पोहोचविले. त्याच युद्धात सैनिकांचे मृतदेह त्यांच्या गावी पाठविण्याची प्रथा पडली. पूर्वीच्या युद्धांत अंत्यसंस्कार बहुधा रणभूमीनजीकच उरकले जात. ह्या बदलाने युद्धपत्रकाचा वाचकही बदलला. जे वाक्य पूर्वी वृत्तपत्रात वाचून संपत असे, त्याच्या पाठोपाठ आता पेटी गावात येते आणि पेटीसोबत एक सोबती येतो. घरचे लोक त्याला तो कसा गेला, कोणी मारले, जवळ कोण होते, हे विचारतात. म्हणजे पत्रकाने गाळलेले कारक एकामागून एक मागून घेतात. मराठीतून सैन्याची निवेदने लिहिणाऱ्या अधिकाऱ्यासाठी कोणी मार्गदर्शिका तयार केली, तर तिच्यात ‘वीरमरण’ हा शब्द वर्ज्य ठरविण्याचे कारण नाही. तो शब्द दुसऱ्या वाक्यात यावा. पहिल्या वाक्यात ठिकाण, वेळ आणि मृत्यूचे कारण कर्त्यासह यावे. आणि कारण अजून कळले नसेल, तर ‘शेफील्ड’च्या रात्री वाचलेल्या निवेदनाप्रमाणे तसेच लिहावे.